चहाला गेलात, समोसे लागले

माहिती सुरक्षेचं दोन तासांचं प्रशिक्षण आमच्या ऑफिसात सगळ्यांनी मन लावून, डोळे मिटून ऐकलं. शिकवलं मात्र समोशांनी. संगणक उघडा टाकून चहाला गेलात की तुमच्याच मेलवरून अख्ख्या मजल्याला आवतण जातं: 'आज समोसे माझ्याकडून!' नाकारणार कसं? मेल तुमचाच. कुणाच्या डेस्कटॉपचा फोटोच वॉलपेपर म्हणून लावतात, खरे आयकॉन लपवतात. बिचारा अर्धा तास चित्रावर टिचक्या मारत बसतो. विंडोज आणि एल, दोन बटणं एकदम दाबली की कुलूप. एवढंच तर होतं! साहेबांच्या वाटेला मात्र कुणी जात नाही. त्यांचा संगणक कायम सताड उघडा, पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला. आमच्या पगारवाढीची फाइल त्यातच आहे.