बाईंची एट हंड्रेड

आमच्या वाडीत सध्या एकच विषय आहे. शेजारच्या बाईंची गाडी ठेवायची की काढायची? यापेक्षा ग्रामपंचायतीची निवडणूक परवडली. तिथे निदान दोन-तीन बाजू असतात, इथे घरटी एक मत.

बाई म्हणजे मालगुंडकडच्या शाळेत शिकवतात त्या. त्यांच्या नि आमच्या अंगणांमध्ये जांभ्याचा गडगा आहे, कमरेएवढा. संध्याकाळी दोघी दोन बाजूंनी कोपर टेकून उभ्या राहतो. पुरुषमंडळी याला चकाट्या म्हणतात. तीच मंडळी पारावर दोन दोन तास बसतात, पण ती म्हणे चर्चा.

गाडी मारुती एट हंड्रेड, पांढरी, २००५ सालची. अण्णांनी, म्हणजे बाईंच्या सासऱ्यांनी, रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशांतून घेतलेली. अण्णांचे डोळे आता साथ देत नाहीत, म्हणून गाडी बाईंकडे आली. रोज आरे-वारेच्या रस्त्याने शाळेत जाणं-येणं. त्या रस्त्यावर पर्यटक फोटो काढायला थांबतात. जाताना डावीकडे अख्खा समुद्र. पावसाळ्यात लाट फुटली की तुषार थेट काचेवर, आणि वायपर फिरवला की मागे पांढुरका पट्टा. काचेवरचं मीठ दिसतं तरी. बुडाला बसलेलं कोण बघतो?

परवा बाई गडग्याशी आल्या त्या चेहरा पाडूनच.

"काकू, डाव्या सीटपुढची मॅट धुवायला काढली. खालचं कार्पेट ओलं लागलं म्हणून हात घातला, तर बोटांना खडी लागली."

"गाडीत खडी कुठून आली?"

"गाडीत नाही हो. अंगणातली."

मी हसले. बाईंना हसू आलं नाही. त्या जागी त्यांची धाकटी पाय ठेवून बसते.

आता मला या विषयात बोलायचा अधिकार काय, असं वाडीत दोघातिघांनी विचारलंय. आमच्या ह्यांचं रत्नागिरीत स्पेअर पार्टचं दुकान होतं आणि गल्ल्यावर मी बसायचे. हे वसुलीला नि माल आणायला बाहेर. काउंटरपलीकडे मेकॅनिक, डेंटर, एजंट यांची जी भाषणं मी ऐकली, त्यावर एखादीला डिप्लोमा मिळाला असता. कुठला डेंटर पत्रा कापून नवा लावतो आणि कुठला नुसती लांबी थापतो, हे लांबीचे डबे किती खपतात त्यावरून कळायचं.

"मग लोक काय म्हणतात?" मी विचारलं. मला ठाऊक होतं, पण बाईंच्या तोंडून ऐकण्यात मजा वेगळी.

"मुलगा पुण्याहून म्हणतो, भंगारात घाल, नवीन घे, मी डाऊन पेमेंट भरतो. हे म्हणतात, तुम्ही काय ते ठरवा. ह्यांना स्कूटर बरी. एजंट येऊन गेला, पंचवीस हजार म्हणाला. आणि अण्णा..."

"अण्णांना नवी कोरी करून हवी असणार."

"इंजिन उतरवून, सगळा रंग खरवडून, सीटची कव्हरंसुद्धा कंपनीची होती तश्शी! म्हणे, या गाडीने देश चाकावर आणला. १९८३ च्या डिसेंबरात इंदिरा गांधींनी पहिल्या गिऱ्हाइकाला किल्ली दिली, तिथपासून सुरू होतात. कालपासून जेवताना दोनदा ऐकलं."

अण्णांचं खोटं नाही. पण देश चाकावर आला म्हणून बाईंच्या गाडीचा पत्रा टिकत नाही. ही गाडी निघायची बंद झाली जानेवारी २०१४ मध्ये. तरी इंजिनाची काळजी नको, ७९६ सीसीचं ते तीन सिलिंडरचं यंत्र ओम्नीतही होतं, आणि ओम्नी २०१९ पर्यंत निघत होती. क्लच प्लेट, फिल्टर, वॉटर पंप, काय हवं ते मिळतं. मेकॅनिकला विचाराल तर तो बॉनेट उघडणार, कान देणार आणि म्हणणार, "इंजिन मस्त आहे, अजून दहा वर्षं बघायला नको." मस्त असेलही. पण या गाडीला जीपसारखी वेगळी चेसिस नसते. पत्र्याची पेटी हीच चेसिस. पेटी सडली तर मस्त इंजिन बसवायचं कशावर?

रविवारी मी गडगा ओलांडून गेलेच. (म्हणजे फाटकातून. ओलांडायचं वय गेलं.) हातात फ्रीजवरचा लोहचुंबक, फडक्यात गुंडाळलेला, आणि ह्यांचा जुना स्क्रूड्रायव्हर. अण्णा ओसरीवरून बघत होते, एखादा डॉक्टर सूनबाईंना तपासतोय अशा मुद्रेने.

आधी चुंबक. बॉनेटवर टच्च बसला, दरवाजांवर बसला. मागच्या डाव्या चाकावरच्या कमानीला लावला तर घसरून खाली. पुन्हा लावला, पुन्हा खाली. म्हणजे तिथे पत्रा नाही, रंगाखाली नुसती लांबी. कडेला रंगाचा फुगा आला होता. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो आतून रंगाला असा ढकलतो. नखाने फुगा फोडला, खपली निघाली आणि आतून काय यावं? वर्तमानपत्राचा बोळा! उलगडून बघितला तर गणपतीच्या सेलची जाहिरात, २०१९ ची.

"अण्णा, तुम्ही रंग कधी मारून घेतला होता?"

"त्याच साली. चांगला कारागीर होता हो. हात काय गुळगुळीत फिरवला होता!"

फिरवणारच. कागदावर लांबी गुळगुळीतच बसते. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी बाईंकडे बघितलं आणि दोघी गप्प बसलो. वय झालेल्या माणसाला सहा वर्षांपूर्वीच्या बिलाची आठवण करून द्यायची नसते.

मग फ्लोअर. मॅट काढल्या, कार्पेट उलटं केलं. खालचा नमदा स्पंजासारखा पाणी धरून. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेले. चांगल्या पत्र्याचा आवाज टणटणीत येतो, सडलेल्याचा बद्द. ड्रायव्हरच्या बाजूला टणटण. डावीकडे पुढच्या बाजूला हातभर जागेत बद्द बद्द, आणि मध्ये ते भोक.

"पण पाणी येतं कुठून? काचा तर मी बंद ठेवते," बाई म्हणाल्या.

वायपरच्या खाली जी जाळी असते, तिथे मी बोट घातलं. फणसाची कुजलेली पानं मूठभर निघाली. तिथलं पाणी वाहून जायची वाट बुजली की ते आतल्या बाजूने डॅशबोर्डमागून थेट पायाशी उतरतं. त्यात पोरांच्या ओल्या छत्र्या नि चपला. त्यात वरून घातलेली ताडपत्री, जिच्यात आतल्या आत वाफ कोंडते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, वर खारा वारा. पाणी नुसतं असलं तर गंज रांगत येतो, मीठ मिसळलं की धावत. समुद्राने बाहेरून जेवढं खाल्लं, त्याहून जास्त फणसाने आतून खाल्लं होतं.

आता खरी परीक्षा. बॉनेट उघडून दोन्ही बाजूंची शॉकअपची बैठक बघितली, वर जिथे नट असतात तिथे. पुढच्या चाकांवरचा सगळा भार तिथे येतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघितलं. वरवरचा तांबूस गंज, आत पत्रा घट्ट. मागची बैठक ठीक. डावा रनिंग बोर्ड एका टोकाला मऊ.

"म्हणजे काय समजायचं?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे पेशंट वाचतो. शॉकअपची बैठक गेली असती तर मीच सांगितलं असतं, उद्या सोडा."

संध्याकाळी गडग्यावर हिशेब मांडला. त्या सडलेल्या फ्लोअरचा तुकडा कापून नवा पत्रा, रनिंग बोर्डाचं टोक, मागच्या कमानीला खरा पत्रा, वर प्रायमर, सांध्यांना सीलर नि खालून कोटिंग, असं मिळून डेंटरने बावीस हजार सांगितले होते. अण्णांची नवी कोरी पंचाऐंशीच्या पुढे. मुलगा म्हणतो, पंचवीस हजारांच्या गाडीवर बावीस घालणं म्हणजे वेडेपणा. हे गणित सगळे करतात आणि ते ऐकायला बिनतोड वाटतं. पण बाईंना गाडी विकायचीच नाहीये, मग विक्रीची किंमत हवी कशाला? सहा लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी काढलं तर महिन्याचा हप्ता बारा हजारांच्या वर. म्हणजे हे काम दोन हप्त्यांत बसतं. बाकीचे अठ्ठावन्न हप्ते धाकटीच्या शिक्षणाला.

"आणि सरकार?" बाईंना आरटीओची धास्ती. "दिल्लीत तर पंधरा वर्षांच्या गाड्या उचलून नेतात म्हणे."

ते दिल्ली नि आसपासपुरतं. आपल्याकडे पंधरा वर्षांनी नोंदणी नव्याने करायची, मग दर पाच वर्षांनी. गाडी नेऊन दाखवावी लागते, पर्यावरण कर वेगळा. फी मात्र वाढलीये. पंधरा ते वीस वर्षांच्या मोटारीला पाच हजार, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस उलटलेल्या मोटारीला दहा हजार. बाईंची गाडी २०२५ च्या डिसेंबरात विशीच्या उंबरठ्यावर, तेव्हा दहा धरून चालायचं. सक्तीची सुरक्षा नंबरप्लेट राहिली असेल तर तिचे सातशे पंचेचाळीस आणि कर. तरीही हप्त्यांच्या पासंगाला पुरत नाही.

इथपर्यंत मी गाडीच्या बाजूने. पण मुलाची एक गोष्ट मला पटते, आणि ती वाडीत कुणी बोलत नाही, कारण तिच्यात वाद घालायला जागा नाही. या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून. चाळीसच्या वेगाने वळणावळणाच्या रस्त्याने शाळेत जायला एट हंड्रेड चालेल. चौपदरी महामार्गावर ट्रकांच्या मधून पोरांना घेऊन पुण्याला जायला नाही, मग तिला सोन्याचा पत्रा लावा. बाईंनी मान डोलावली. पुण्याला एसटी जाते.

आणि अण्णांचं काय? अण्णांना मी स्वतः सांगितलं, ओसरीवर बसून, चहा घेऊन. गाडी नवी कोरी करायची असेल तर जरूर करा, पण मग ती शेडमध्ये उभी ठेवायची आणि दसऱ्याला हार घालायचा. ऐंशी हजारांचा रंग रोज आरे-वारेच्या खाऱ्या वाऱ्यात न्यायचा, तर तीन पावसाळ्यांनी पुन्हा चुंबक घसरायला लागेल. रोज चालवायची गाडी नवी करायची नसते, चालती ठेवायची असते. पैसा बुडाला घालायचा, अंगाला नाही. अण्णा रागावले. मग म्हणाले, "कंपनीची कव्हरं तरी?" तेवढी देऊ म्हटलं.

तेव्हा बाई, आता नीट ऐका, कारण डेंटर तुम्हाला हे सांगणार नाही. कागद आणि लांबी चालणार नाही म्हणून आधीच बजावा, आणि पत्रा कापल्यावर, लांबी लावण्यापूर्वी, जाऊन बघा. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढली का, कार्पेट बाहेर ठेवलं का, पेट्रोलची नळी बाजूला केली का, विचारा. गंज घासून, सुकवून मगच कोटिंग. ओल्या गंजावर काळं कोटिंग मारलं की वरून झकास दिसतं आणि आत दुप्पट वेगाने सडतं. कुणी जळकं ऑइल फासायला सांगेल, तर रबरी बुश फुगतात आणि अंगण घाण होतं, ते नको. दर शनिवारी नळाच्या गोड्या पाण्याने बुड धुवा. जाळीतली पानं काढा. ताडपत्री जाळून टाका. गाडी फणसाखालून हलवा, ऊन लागू दे. दरवर्षी गणपतीनंतर शॉकअपच्या बैठकीला स्क्रूड्रायव्हर टोचायचा. ज्या वर्षी टोक आत गेलं, त्या वर्षी कुणाचंही ऐकायचं नाही, अण्णांचंसुद्धा. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात द्यायची. त्यांचं सर्टिफिकेट मिळालं की नव्या गाडीच्या करात सूट असते. भंगारवाल्याला परस्पर दिलीत तर नंबर तुमच्याच नावावर राहील.

आणि एक राहिलं. दरवाजांच्या नि रनिंग बोर्डाच्या खालच्या अंगाला पाणी जायची बारीक भोकं असतात. पेंटर ती हटकून लांबीने बुजवतो. गाडी ताब्यात घेताना खाली वाकून एकेक मोजा, आणि सगळी उघडी दिसल्याशिवाय त्याला पैसे देऊ नका.