तिकिटांचा हिशेब द्या!

प्रति,
माननीय पदाधिकारी,
भारतीय क्रिकेट नियामक मंडळ,
वानखेडे स्टेडियम, चर्चगेट, मुंबई

विषय : मॅचची तिकिटं जातात कुठे?



तुमचं मुख्यालय ज्या आवारात आहे, ते वानखेडे स्टेडियम तिकिटांच्या भांडणातूनच उभं राहिलं. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. मुंबईच्या क्रिकेट संघटनेला हवी तेवढी तिकिटं क्लब देईना. बॅरिस्टर शेषराव वानखेडे इरेला पेटले आणि ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियम बांधून मोकळे झाले. 1975 च्या जानेवारीत तिथे पहिली कसोटी झाली. तिकिटं वाटायची कुणी, यावरून दोन बड्या संस्था भांडल्या. रांगेतल्या माणसाला त्या भांडणात कुणी विचारलं नव्हतं आणि आजही कुणी विचारत नाही.

2011 च्या वर्ल्ड कपची फायनल आठवा. वानखेडेत जेमतेम 33 हजार माणसं बसतात. त्यातली बहुतेक तिकिटं क्लब, संघटना, आयसीसी आणि पाहुणे यांच्यात वाटली गेली. सामान्य माणसासाठी उरली साधारण 4 हजार. धोनीच्या विजयी षटकाराचा अभिमान देशाला वाटला, पण तो डोळ्यांनी पाहायचा हक्क ओळखीवर ठरला होता. मुंबईत मॅच जाहीर झाली की लोक तारीख नंतर विचारतात, आधी विचारतात, "कुणाची ओळख आहे का?" ही सवय लोकांना तुम्ही लावली आहे.

2018 मध्ये तर फुकट्या पासांपायी अख्खी मॅच गावाबाहेर गेली. मंडळाच्या तेव्हाच्या नव्या घटनेनुसार 90 टक्के तिकिटं विक्रीला ठेवायची होती आणि मोफत पासांसाठी फक्त 10 टक्के. नियम चांगला होता. पण पासांच्या वाटपावरून इंदूरच्या संघटनेचं आणि मंडळाचं जमेना, आणि वेस्ट इंडीजविरुद्धची वन-डे विशाखापट्टणमला हलवावी लागली. इंदूरच्या ज्या प्रेक्षकांनी महिनोन् महिने वाट पाहिली, त्यांचा यात काय दोष होता?

मग आला 2023 चा वर्ल्ड कप. वेळापत्रक बाहेर पडलं स्पर्धेच्या अवघे 100 दिवस आधी. ऑगस्टमध्ये 9 मॅचच्या तारखा बदलल्या. भारत-पाकिस्तान 15 ऑक्टोबरऐवजी 14 ऑक्टोबरला गेली आणि ज्यांनी अहमदाबादची रेल्वेची, विमानाची, हॉटेलची बुकिंग करून ठेवली होती, त्यांचे पैसे आणि रजा दोन्ही अडकले. त्यानंतर कुठे तिकीटविक्री सुरू झाली. घरोघरी सगळे फोन आणि लॅपटॉप एकाच रांगेत लावून लोक तासन् तास बसले. स्क्रीनवर प्रतीक्षेचा आकडा आणि "पान रिफ्रेश करू नका" ही सूचना. मोबाईल तापतो, चार्जर लावतात, जेवणाचं ताट तिथेच आणतात, आणि शेवटी पाटी येते : तिकिटं संपली. त्याच सुमारास तुम्ही अमिताभ बच्चन आणि सचिन तेंडुलकर यांना सोन्याची तिकिटं देऊन फोटो काढलेत. सचिनचा मान मोठाच आहे, पण ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं, ते तेव्हा ताटकळत होते. त्यांच्याकडे पाहायला तुम्हाला सवड झाली नाही.

लोकांनी ओरड केल्यावर 6 सप्टेंबरला तुम्ही जाहीर केलंत की आणखी सुमारे 4 लाख तिकिटं विक्रीला काढतो. ही 4 लाख तिकिटं आदल्या आठवड्यात कुठे होती? कुणासाठी बाजूला काढून ठेवली होती? या प्रश्नाचं उत्तर आम्हाला अजून हवं आहे. 5 ऑक्टोबरला इंग्लंड-न्यूझीलंड उद्घाटनाच्या मॅचमध्ये अहमदाबादच्या 1 लाख 32 हजारांच्या स्टेडियममधल्या खुर्च्यांच्या रिकाम्या ओळी साऱ्या जगाने पाहिल्या. पुढे कोलकात्यात तिकिटांच्या काळ्या बाजाराचा तपास करणाऱ्या पोलिसांनी माहिती मागण्यासाठी थेट मंडळाच्या अध्यक्षांना नोटीस पाठवली. तिकीट खिडकीवर नाही आणि ब्लॅकवाल्याकडे आहे, याचा अर्थ ते कुणीतरी आतून बाहेर दिलं आहे. हा अर्थ लावायला पोलीस कशाला हवेत?

पैसा कमी पडतो म्हणून हे होतं, असंही नाही. 2023 ते 2027 या 5 वर्षांचे आयपीएलचे प्रसारण हक्क 48,390 कोटी रुपयांना गेले. षटकाराला कंपनीचं नाव, टाइम-आउटला कंपनीचं नाव, विकेट पडली की जाहिरात. गेटवरच्या तिकिटाच्या पैशांना आता तुमच्या ताळेबंदात किंमत उरलेली नाही, म्हणून गेटवरच्या माणसालाही उरलेली नाही. पण एक ध्यानात ठेवा. प्रसारणात जे विकता, त्यात आमचा आवाज आहे. वानखेडेचा नॉर्थ स्टँड गप्प बसला तर त्या हक्कांना एवढी बोली लागेल का?

आणि तिकीट मिळालं तरी आत काय मिळतं? 24 ऑक्टोबर 2024, पुण्याजवळचं गहुंजे, न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीचा पहिला दिवस. स्टँडच्या मोठ्या भागावर छप्पर नाही, बाहेरून पाण्याची बाटली नेता येत नाही, आणि आत प्यायला पाणीच नाही. भर उन्हात लहान मुलं, म्हातारी माणसं रिकामे ग्लास घेऊन उभी. लोकांनी घोषणा दिल्या तेव्हा तिथल्या क्रिकेट संघटनेने माफी मागितली. माफी मागितली हे बरं केलं. पण पैसे घेऊन बोलावलेल्या माणसाला पाणी द्यायचं, हे कुणी शिकवावं लागतं का?

तुम्हाला चांगलं करता येतं, याचाही पुरावा आहे. 2025 च्या महिला वर्ल्ड कपची तिकिटं 100 रुपयांपासून होती. मुलींना घेऊन आई-बाप आले, शाळकरी पोरं आली. 2 नोव्हेंबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये हरमनप्रीतच्या संघाने कप उचलला, तेव्हा स्टँड खच्चून भरले होते. लोकांना परवडलं की लोक येतात.

म्हणून मागण्या मोजक्याच आहेत. विक्री सुरू होण्याआधी प्रत्येक मॅचची फोड जाहीर करा : एकूण जागा किती, प्रायोजकांना किती, संघटनेला आणि तिच्या क्लबांना किती, मोफत पास किती, खुल्या विक्रीला किती. मॅच संपल्यावर त्यातली किती तिकिटं वापरली गेली, तेही सांगा. वेळापत्रक वेळेत काढा. तिकीट परत घेण्याची आणि ते दुसऱ्या प्रेक्षकाला मूळ किमतीत देण्याची सोय तुम्हीच करा, म्हणजे ब्लॅकवाल्याचा धंदा बसेल. प्रत्येक स्टँडमध्ये फुकट पिण्याचं पाणी ठेवा.

सरकारी अनुदान घेत नाही म्हणून माहितीच्या अधिकारात तुम्ही येत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण तुमच्या संघाच्या छातीवर देशाचं नाव आहे. ते नाव वापरता, तर त्या नावाच्या लोकांना हिशेब देणं तुम्हाला लागू आहे, कायद्यात लिहिलेलं असो वा नसो. पुढच्या मॅचच्या विक्रीआधी ती फोड प्रसिद्ध करा. नाही केलीत, तर जागा कुणाला वाटल्या हे सांगायची तुम्हाला लाज वाटते, असंच आम्ही समजू आणि तसंच उघडपणे बोलू.

कळावे,
रांगेतला एक प्रेक्षक