मेटाकुटीला आलेले मालक

ज्याच्या दारात खासगी विमान उभं असतं, त्याचे डोळे पुसायला सहसा कोणी जात नाही. म्हणून ते काम या सदराने अंगावर घेतलं आहे. २०२० साली अमेरिकेतल्या बेसबॉल संघांचे मालक काय काय सोसत होते, याची नोंद कुठेतरी सहानुभूतीने व्हायला हवी.

एरवी प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. करोनाने मैदानांना कुलूप लावलं आणि २६ मार्चला मालक व खेळाडूंची संघटना यांच्यात ठरलं, की जितके सामने तितका पगार. कोणत्याही मुकादमाला कळेल असा रोजंदारीचा हिशेब. पण मे महिन्यात मालकांना साक्षात्कार झाला. पूर्ण रोजंदारी देऊन रिकाम्या स्टेडियमात खेळवलं, तर एका सामन्यामागे सरासरी ६ लाख ४० हजार डॉलरची खोट! म्हणजे खेळाल तितके बुडाल. हे गणित शेवटापर्यंत सोडवलं तर सर्वांत किफायतशीर हंगाम शून्य सामन्यांचा निघतो. तिथवर मात्र कोणी गेलं नाही, कारण ऑक्टोबरात बाद फेरी असते. टीव्हीचा मोठा पैसा तिथे, आणि खेळाडूंचा पगार मोजला जातो तो साखळी सामन्यांवर. तेव्हा साखळी चाखण्यापुरती आणि बाद फेरी पोटभर, हे आलंच. त्या वर्षी बाद फेरीत १०ऐवजी १६ संघ घेतले. त्यांतले दोन तर जिंकण्यापेक्षा हरलेच जास्त होते.

मधल्या काळात घासाघीस रंगली. मालक म्हणाले ८२ सामने, आणि ज्याचा पगार मोठा त्याला कात्रीही मोठी. खेळाडू म्हणाले ११४, पूर्ण रोजंदारीने. मग ७६, ८९, ७२. सामन्यांचा आकडा दर वेळी नवा, पण मालकांच्या खिशातून निघणारी एकूण रक्कम हट्टाने जवळपास तिथेच. खेळाडूंनी ‘वह्या दाखवा’ म्हटलं. वह्या काही दिसल्या नाहीत. ज्याला कंपनीच्या ताळेबंदात आकडे छापावेच लागतात, त्या अटलांटा ब्रेव्ह्जचं उत्पन्न २०१९मध्ये ४७.६ कोटी डॉलर होतं, ते २०२०मध्ये १७.८ कोटींवर आलं. तेव्हा खोट खोटी नव्हती, हे मान्य. बाकीच्यांच्या दुःखावर मात्र आपण श्रद्धेनेच विश्वास ठेवायचा.

आणि श्रद्धा डळमळायला निमित्तं फार. सेंट लुइस कार्डिनल्सचे मालक बिल डेविट यांनी जूनमध्ये रेडिओवर सांगून टाकलं, की या धंद्यात तसा फारसा नफा नाही. त्याच आठवड्यात टर्नर वाहिनीबरोबरच्या अब्जावधी डॉलरच्या नव्या कराराची बातमी फुटली. कॅन्सस सिटी रॉयल्स हा संघ २००० साली ९.६ कोटी डॉलरला घेतला होता, तो आदल्याच वर्षी सुमारे १०० कोटींना विकला गेला. न्यूयॉर्क मेट्स तर ऐन साथीत सुमारे २४० कोटींना गेला. इतक्या तोट्याचा धंदा एवढ्या किमतीला घेणारे लोक अमेरिकेत अजून आहेत, हीच त्या देशाची थोरवी.

खेळाडू काही संत नव्हते. ७० लाखांचा पगार असलेला ब्लेक स्नेल व्हिडिओ गेम खेळता खेळता, लोकांसमोर, ‘मला माझे पैसे हवेत’ असं बोलून गेला. घरी बसलेल्या बेकारांना ते ऐकून काय वाटलं असेल! पण धोका पत्करून मैदानात उतरणारा तोच होता, आणि त्याने निदान आपला आकडा लपवला नाही.

खरी काटकसर खालच्या मजल्यावर झाली. मायनर लीगमधल्या, म्हणजे संघांच्या खालच्या फळीतल्या, पोरांना आठवड्याला ४०० डॉलर मिळत होते. जूनपासून ते बंद करायचं ओकलंड अॅथलेटिक्सने जाहीर केलं. संघाचे मालक जॉन फिशर हे ‘गॅप’ कपड्यांच्या घराण्यातले. ओरड झाल्यावर त्यांनी माफी मागून निर्णय फिरवला. लॉस एंजेलिस डॉजर्सकडे नव्याने आलेल्या डेव्हिड प्राइसने मात्र संघाच्या मायनर लीगमधल्या पोरांना जूनसाठी प्रत्येकी १००० डॉलर स्वतःच्या खिशातून देऊ केले. संघासाठी अधिकृत सामन्यात त्याने तोवर एकही चेंडू टाकला नव्हता. धंदा कळत नाही, दुसरं काय.

शेवटी खेळाडूंनी ‘कुठे आणि कधी यायचं तेवढं सांगा’ म्हणून हात झटकले आणि आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी प्रत्येकी ६० सामन्यांचा हंगाम लादला. (आपल्या आयपीएलने त्या वर्षी अमिरातीत आठही संघांचे मिळून ६० सामने केले आणि पूर्ण हंगाम म्हणून मिरवले.) २३ जुलैला वॉशिंग्टनमध्ये उद्घाटन झालं. कात्री लागलेल्या हंगामाचा पहिलाच सामना पावसाने सहाव्या डावात थांबवला. निसर्गही मालकांच्या बाजूचा.

त्याआधी, १ जुलैला, मॅनफ्रेड एका रेडिओ कार्यक्रमात बोलून गेले होते, की वाटाघाटी कशाही झाल्या असत्या तरी साथीमुळे ६०पेक्षा जास्त सामने होणारच नव्हते. मालकांनी मुद्दाम वेळ काढला म्हणून संघटनेने सुमारे ५० कोटी डॉलरची तक्रार गुदरली. मालकांनी खेळाडूंवर लादलेल्या २०२१-२२च्या टाळेबंदीनंतर नवा करार झाला, तेव्हा ती देवाणघेवाणीत मागे घेतली गेली. वह्या अजून कपाटातच आहेत.