सुलभतेचे माणिक

आयफोनसाठी ॲप बनवायला शिकणाऱ्या प्रत्येकाने ‘आय ॲम रिच’ला गुरू मानावे. ॲप स्टोअर उघडून महिना होतो न होतो, तोच ऑगस्ट २००८ मध्ये ते अवतरले. किंमत ९९९.९९ डॉलर; काम एकच, पडद्यावर लाल माणिक चमकवणे. वापरायला इतके सुलभ की वापरण्याची गरजच नाही. बिघडायला आत काही हवे ना! आठ जणांनी विकत घेतले. ॲपलने मात्र दुसऱ्याच दिवशी काढून टाकले. गुणग्राहकता उरली नाही, दुसरे काय!

नवशिक्यांनी खचू नये. पुढची पायरी उघड आहे: माणिकही वगळावे. आमचे तसे ॲप तयार आहे. पाहायचे असल्यास फोन बंद करा.

दिसले? बिल मागाहून येईल.