चिक्कीही गुजरातला जाईल!

लोणावळ्यातल्या तमाम चिक्कीवाल्यांना आमचा फुकटचा सल्ला : सरकारकडे रस्ता, पाणी, पार्किंग असलं किरकोळ काही मागू नका. मागायची तर करमाफी मागा.

२००५ चा ‘सेझ’ म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा आठवा. कुंपण घातलं, फाटक लावलं, की आतली जमीन जकातीपुरती परदेश! निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षं प्राप्तिकर माफ, पुढची पाच वर्षं निम्मा माफ, त्यापुढची पाच वर्षंही अटींवर सूट. म्हणजे पोरगं जन्मल्यापासून दहावीला बसेपर्यंत बापाला सवलत. नव्या कारखान्यांसाठी २०२० मध्ये हे दार लागलं म्हणून खट्टू होऊ नका. राज्य सरकारच्या उद्योग प्रोत्साहन योजनेत जीएसटीचा परतावा, मुद्रांक शुल्काची माफी, विजेची सवलत असं बरंच काही मिळतं.

आमच्या ओळखीचा एक चिक्कीवाला पहाटे गुळाचा पाक चढवतो. शेंगदाणे पडले की तुपाचा हात फिरवलेल्या ओट्यावर घाणा ओततो, लाटणं फिरवतो आणि गरम आहे तोवर वड्या पाडतो. बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो, त्यावर गिऱ्हाईक त्याच्याशीच हुज्जत घालतं. “साहेब, आम्हाला कधी सवलत?” त्याने विचारलं.

“तू गुजरातला जायची धमकी दिलीस का?”

“नाही.”

“मग कशी मिळेल?”

लोणावळ्याच्याच मावळ तालुक्यातल्या तळेगावात येणार म्हणून गाजलेला वेदांत-फॉक्सकॉन प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातेत गेला. आपण कमी सवलती दिल्या की जास्त, यावर पुढाऱ्यांची जुंपली. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने भागीदारीतूनच अंग काढलं. सवलतींच्या या लिलावात बोली लावणारे दमले, माल काही आलाच नाही.

घाट उतरून पेणला गेलात तर शेतकरी जास्त शहाणे निघाले. रिलायन्सच्या महामुंबई सेझसाठी जमीन द्यायची का, यावर २००८ च्या सप्टेंबरात २२ गावांचा कौल घेतला गेला. सरकारने तो निकाल अधिकृतपणे कधी मिरवला नाही. पण तो सेझ काही उभा राहिला नाही. भातखाचरं जागेवर राहिली.

आणि जिथे जमीन दिली गेली तिथे? २०१४ च्या ‘कॅग’ अहवालाने हिशेब मांडला : देशभरात सेझसाठी अधिसूचित झालेल्या सुमारे ४५ हजार ६०० हेक्टरपैकी जेमतेम ६२ टक्के जमिनीवर काम सुरू झालं होतं. सात वर्षांत करसवलती मात्र ८३ हजार कोटींच्या वर गेल्या होत्या.

थोडक्यात, जो उठून जाऊ शकतो त्याला सवलत, आणि ज्याचं दुकान, गिऱ्हाईक नि आयुष्य घाटमाथ्यावरच आहे त्याला पावती. सरकारला सवलत द्यायचीच असेल तर खुशाल द्यावी. पण दरवर्षी किती कर सोडला, किती स्थानिकांना नोकरी लागली आणि किती जमीन नुसती पडून आहे, हे त्या कारखान्याच्या फाटकावर मराठीत लिहून लावावं. आकडे जुळले नाहीत तर सोडलेला कर व्याजासह वसूल करावा.