आजोबांना विचारलं का?

मतदान यंत्राचं बटण दाबलं की शेजारच्या पेटीत काचेआड चिठ्ठी उगवते. क्रमांक, नाव, चिन्ह. 7 सेकंद दर्शन देते आणि आत पडते. आषाढीला पंढरपुरात एवढंही मिळत नाही, तेव्हा दर्शनाबद्दल तक्रार नाही.

माझा जीव अडकलाय तो चिठ्ठीच्या पुढच्या आयुष्यात. नियम असा, की यंत्राचा आणि चिठ्ठ्यांचा आकडा जुळला नाही तर चिठ्ठ्यांचा खरा. आणि 2019 पासून दरवेळी मोजायच्या किती? एका विधानसभा क्षेत्रातल्या 5 केंद्रांच्या.

म्हणजे कागद हा घरातला आजोबा. शब्द त्यांचाच अखेरचा, फक्त त्यांना विचारायचं नाही. लग्न ठरलं, हॉल ठरला, आचारी ठरला, आजोबांसमोर पत्रिका धरली. 7 सेकंद. ‘बघितलीत ना? झालं तर.’ आजोबा चष्मा शोधेपर्यंत त्यांना आतल्या खोलीत बसवलं, दाराला कुलूप, कुलपाला लाख, बाहेर बंदूकधारी पोलीस. पाहुण्यांनी चौकशी केली तर उत्तर तयार, ‘आजोबांचा मान आमच्याइतका कोण ठेवतं?’ नियमापुरतं दरवेळी सोडत काढून गावातल्या शेकडो आजोबांपैकी पाच जणांना बोलतं करायचं. अहो, विचारायचंच नसेल तर छापता कशाला? बँकेतला कॅशियर वीस हजारांची गड्डी यंत्रातून फिरवतो आणि तरी ओल्या स्पंजात बोट बुडवून पुन्हा मोजतो. यंत्राशी त्याचं वैर नसतं. कमी भरले तर त्याच्या पगारातून जातात, एवढंच. इथे कुणाच्या पगारातून काय जातं, सांगा!

आता ‘सगळं हातानेच मोजा’ म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या सोसायटीत यावं. 58 सदनिका, कागदी मतपत्रिका, मोजायला तिघं, त्यात एक निवृत्त लेखापाल. पहिल्या मोजणीत 57 भरली, दुसरीत 59. तीन महिने लिफ्ट बंद आहे, त्यावर चकार शब्द नाही; अख्खी सभा एकोणसाठाव्या मताभोवती उभी. शेवटी ते दुधाचं बिल निघालं. पण त्यावर फुली आहे आणि ती बरोबर उमेदवाराच्या नावाच्या उंचीवर आहे, असा एका गटाचा दावा आहे. विषय पुढच्या सभेवर ढकललाय. सभा गच्चीवर असते. मी पाचव्या मजल्यापर्यंत पोचलोय.