माइबॉक, मुक्काम ठाकुर्ली

म्युनिकला नोकरी करणारा भाचा सुट्टीवर आला आणि लागर बिअरच्या यीस्टची एक पुडी माझ्या हातावर ठेवून गेला. "मामा, वसंतात तिकडे माइबॉक पितात. फिकट सोनेरी, चांगली साडेसहा-सात टक्क्यांची. घरी करून बघ!" महाबळेश्वरचा मध घरात होताच. तो घालून जर्मनांना जरा सुधारावं, असं मी ठरवलं.

वाण्याकडे बार्ली मागितली, तर त्याने चारचौघांत विचारलं, "मूतखडा कुणाला झालाय?" ती आणून भिजवली, फडक्यात बांधली. मोड काही येईनात. सोलून पॉलिश केलेल्या बार्लीला ते येतच नाहीत, हे ज्ञान तिला वास सुटल्यावर झालं. मग पूजेच्या सामानाच्या दुकानातून सालासकट जव आणले. ते असे तरारले, की शेजारच्या काकूंनी येऊन ताटाला हळदकुंकू वाहिलं. चैत्र चालू होता. त्यांना वाटलं, आम्ही घट बसवलेत. "आता आरतीही म्हणा," बायको म्हणाली.

मोड आलेले जव वाळवले, मिक्सरमध्ये भरडले आणि 65 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवले. या तापमानाला जवातल्या पिष्टाची साखर होते. घरातलं थर्मामीटर तापाचं. ते 42 पर्यंत प्रामाणिकपणे चढलं आणि तिथेच कामी आलं. पुढचं मी बोट बुडवून ठरवलं. हॉप्स कुठून आणणार? कडवटपणाच हवा ना, म्हणून कडुलिंबाचा डहाळा उकळला. गाळून, कोमट झाल्यावर मध घातला.

आता यीस्ट. पुडीवर लिहिलेलं, 10 अंश. एप्रिलच्या ठाकुर्लीत 10 अंश फक्त फ्रिजमध्ये मिळतात आणि तिथे कैरीचं पन्हं, इडलीचं पीठ आणि बायकोचा शब्द यांची जुनी वहिवाट आहे. लागर म्हणजे स्लो लोकल. थंडीत सावकाश आंबायचं, मग शून्याच्या आसपास आठवडेच्या आठवडे मुरायचं. ठाकुर्लीला फास्ट गाडी थांबत नाही, म्हणून हे आपल्याला जमेल असं वाटलं होतं. पण आमची हवा फास्ट आहे. इथे रात्री वाटलेलं इडलीचं पीठ पहाटे ओट्यावर फिरायला निघालेलं असतं.

तेवढ्यात वासाच्या मागावर तळमजल्यावरचे वकीलकाका आले. "1949 चा दारूबंदी कायदा, कलम 12. परवान्याशिवाय मद्य तयार करायचं नाही. अहो, इथे प्यायलासुद्धा परमिट लागतं!"

मी बव्हेरियाच्या आश्रयाला गेलो. तिथे 1516 चं फर्मान निघालं: बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी, बस. मध बाद, कडुलिंबाचा तर विषयच नको. पुढे 1553 साली तिथल्या ड्यूकने 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर बिअर करायलाच मनाई केली, कारण उन्हाळ्यात ती बिघडते. मी कॅलेंडर पाहिलं. एप्रिलचा शेवटचा आठवडा. एका पातेल्यात मी दोन देशांचे तीन कायदे शिजवत होतो.

"यीस्ट घालू नका. जवाचं सरबत समजा," काकांनी तोडगा काढला. पुडी कपाटात गेली. सरबत काचेच्या बाटल्यांत भरून मी बुचं चांगली ठोकून बसवली.

पण कच्च्या मधात रानटी यीस्ट मुळातच असतं. मध घट्ट आहे तोवर ते गप्प पडून राहतं, पाणी मिळालं की कामाला लागतं. त्याला कलम वाचता येत नाही आणि ठाकुर्लीचा उन्हाळा फार आवडतो.

सोसायटीची सभा नेमकी आमच्या हॉलमध्ये भरली होती. विषय, गच्चीची गळती. सेक्रेटरी म्हणत होते, "इमारतीला अजून काही धोका नाही," आणि स्वयंपाकघरात पहिलं बूच उडालं. मग दुसरं. मग सगळी. अख्खी कमिटी आत धावली. छतातून फेसाळ थेंब ठिबकत होते. खजिनदारांनी एक बोटावर घेऊन चाखला आणि गळती कडू-गोड असल्याची नोंद करायला सांगितलं.

मी तोंड उघडणार, तोच शेजारच्या काकू वाटी घेऊन पुढे आल्या. "घटाचं तीर्थ ना? थोडं द्या."

सगळ्यांनी वकीलकाकांकडे पाहिलं. काकांनी चष्मा पुसला, ओट्यावरची दुसरी वाटी उचलली आणि म्हणाले, "तीर्थाला परमिट लागत नाही."